पावसाचा काय अपराध?

भूमध्य समुद्राच्या सफरीहून परतलेले आपले सुशिक्षित बंधु 'पावसानें रोमचा दिवस बुडविला' अशी तक्रार करतात, तेव्हां त्यांची कीव येते. चिव्हितावेक्किआ बंदरापासून रोम सुमारें 70 किलोमीटर; सायंकाळीं जहाज सुटावयाचें. उरल्या घटकांत दहा स्थळें उरकणारास उन्हांत तरी काय दिसणार?

उलट, पँथिऑनच्या 43 मीटर व्यासाच्या घुमटास माथ्यावर उघडें छिद्र आहे. त्यांतून पाऊस आंत येतो व किंचित् फुगीर फरशीच्या भोंकांतून निचरून जातो. सुमारें 1,900 वर्षांपूर्वींच्या स्थपतीनें पावसास घरांत घेतलें. आम्ही मात्र मोटारीच्या कांचेआडून त्यास दूषणें देत बसतों! दोष आभाळाचा नव्हे, हव्यासाचा आहे. वेळ थोडा असेल, तर एकच वास्तु निवडावी व ती भिजतांना पाहावी.