आकड्यामागचा वर्णपट हवा

ऊतीसंवर्धनावरचा लेख आमच्याकडे आला की त्याच्या ‘साहित्य व पद्धती’ या भागात एक ओळ हमखास असते: 3000 लक्स प्रकाश, 16 तास उजेड, 8 तास अंधार. माध्यमातल्या संप्रेरकांचे प्रमाण दशांश चिन्हापुढे दोन अंकांपर्यंत दिलेले असते, ऑटोक्लेव्हचा दाबही दिलेला असतो, आणि प्रकाशाच्या वाट्याला मात्र हा एकच आकडा येतो. सगळ्यांच्या रॅकवर पांढऱ्या ट्यूब होत्या तोवर तो कसाबसा चालून गेला. आता रॅकवर एलईडी आले आहेत आणि तीच ओळ वाचणाऱ्याला चकवते.

हिशेब मांडून पाहा. लक्स हे माणसाच्या डोळ्याचे माप. त्यात 555 नॅनोमीटरच्या हिरवट उजेडाला सर्वाधिक वजन. 660 च्या लाल प्रकाशाला त्याच्या सुमारे सहा टक्के, 450 च्या निळ्याला चार टक्क्यांच्या आसपास. पांढऱ्या ट्यूबखाली 3000 लक्स म्हणजे दर चौरस मीटरला, दर सेकंदाला साधारण 40 मायक्रोमोल फोटॉन. लाल-निळ्या एलईडीखाली लक्समीटरवर तोच आकडा आणायचा तर फोटॉन साडेतीनशे-चारशेच्या घरात जातात. बाटलीतल्या कोवळ्या रोपावर जवळपास दहापट प्रकाश पडतो, त्याची पाने पांढुरकी पडतात, आणि आपण माध्यमात लोह कमी पडले का ते तपासत बसतो.

फोटॉन मोजणारा मीटर घेतला तर यातली निम्मी अडचण सुटते, पण निम्मीच. 1972 साली मॅक्रीने 22 पीकजातींच्या पानांवर मोजमापे घेतली. 400 ते 700 नॅनोमीटर ही आपली नेहमीची मर्यादा त्या कामावर उभी आहे. मात्र त्याच्याच आलेखात निळा, हिरवा आणि लाल सारखे उपयोगी पडत नाहीत. 700 ते 750 मधले दूर-लाल फोटॉन लहान तरंगलांब्यांच्या सोबतीने प्रकाशसंश्लेषणात भर घालतात, हे अलीकडे झेन आणि बगबी यांनी दाखवून दिले आहे. मीटर ते मोजतच नाही. रोप उंच वाढणार की बुटके राहणार, यात लाल आणि दूर-लाल यांच्या गुणोत्तराचा मोठा वाटा असतो. ते कोणत्याही एका आकड्यात मावत नाही. त्यासाठी अख्खा वर्णपट हवा, आणि वर्णपट हाताळायला चांगली आज्ञावली हवी.

उपकरणासोबत येणारी आज्ञावली एक बटण दाबले की आकडा देते. पण त्या बटणामागे कितीतरी निर्णय दडलेले असतात. अंधारातले वाचन वजा केले का? किती वाचनांची सरासरी घेतली? आलेख गुळगुळीत करताना शेजारचे किती बिंदू एकत्र केले? शेवटचा आकडा ऊर्जेचा की फोटॉनचा? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण 450 नॅनोमीटरला 1 वॅट म्हणजे 3.8 मायक्रोमोल आणि 660 ला 5.5. एक्सेलमध्ये स्तंभाचे शीर्षक पुसले गेले की हा फरक कोणालाही परत शोधता येत नाही.

म्हणूनच हेलसिंकी विद्यापीठातील पेद्रो आफालो यांनी आर भाषेत उभारलेला ‘आर फॉर फोटोबायोलॉजी’ हा संच आम्हाला मोलाचा वाटतो. तो विनामूल्य आहे, पण त्याचा खरा गुण वेगळा आहे. त्यात वर्णपट म्हणजे आकड्यांचे नुसते दोन स्तंभ नसतात. एकक कोणते, मोजमाप कधी आणि कुठे घेतले, उपकरणाची मांडणी काय होती, कोणते जैविक वजन आधीच लावलेले आहे, हे सारे त्या वर्णपटाला चिकटलेले राहते. ऊर्जेतून फोटॉनमध्ये रूपांतर केले तरी ही माहिती गळत नाही.

अतिनील प्रकाशावर काम करणाऱ्यांनी तर याकडे पाठ फिरवूच नये. कॉल्डवेल यांचा 1971 चा वनस्पतींसाठीचा क्रियावर्णपट आपण सर्रास वापरतो. त्याची ग्रीन यांनी दिलेली सूत्ररूप मांडणी 313.3 नॅनोमीटरला शून्यावर येते. दुसरी एक प्रचलित मांडणी त्यापुढेही जाते. ग्रीन यांचेच सूत्र 280 ऐवजी 300 ला एक मानले, तर त्याच दिव्याचा, त्याच क्षणाचा आकडा सुमारे साडेचार पट होतो. लेखात फक्त ‘जैविकदृष्ट्या परिणामकारक अतिनील-ब’ एवढेच लिहिले असेल, तर तो प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत करून पाहण्याची सोय उरत नाही.

शिवाय हे वजन सर्वांत लहान तरंगलांब्यांवर पडते, आणि साध्या अॅरे स्पेक्ट्रोमीटरचे वाचन नेमके तिथेच सर्वांत दुबळे असते. जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात 290 नॅनोमीटरच्या खाली मोजण्याजोगे काही नसते. तरीही उपकरण तिथे काहीतरी दाखवते. तो आत भटकलेला दृश्य प्रकाश. त्याला सर्वाधिक वजनाने गुणले की मात्रा फुगते. पॉलिकार्बोनेटचा तुकडा धरून वेगळे वाचन घ्यायचे, भटक्या प्रकाशाचा अंदाज काढायचा आणि तो वजा करायचा, ही दुरुस्ती आज्ञावलीत करता येते. मात्र त्यासाठी कच्ची वाचने जपलेली असावी लागतात. उपकरणाने आधीच शिजवून दिलेल्या फायलीवर ती करता येत नाही.

आर शिकायला वेळ लागतो, विशेषतः ज्यांचे सारे आयुष्य सूक्ष्मदर्शकाशी गेले त्यांना. विभागात एकाच विद्यार्थ्याला ते येते आणि तो पीएचडी संपवून गेला की काम अडते, हेही आम्ही पाहतो. तरीही त्याने लिहिलेली आज्ञासंहिता मागे राहिली तर पुढचा विद्यार्थी ती ओळीओळीने वाचू शकतो; बटण दाबून काढलेल्या आकड्याच्या बाबतीत ती सोय नसते.

तेव्हा पुढील अंकापासून प्रकाशाशी संबंधित प्रत्येक लेखासोबत आम्ही तीन गोष्टी मागणार आहोत: रोपांच्या उंचीवर घेतलेला वर्णपट, अंधारातल्या वाचनासह कच्ची फाइल, आणि आकडा काढणारी आज्ञासंहिता. स्पेक्ट्रोमीटर नसेल तर दिव्याचा उत्पादक व मॉडेल क्रमांक, त्याने दिलेला वर्णपटाचा आलेख आणि रोपापासून दिव्याचे अंतर कळवा. तेवढ्यावरही बरेच काम होते. केवळ लक्समध्ये प्रकाश सांगणारे लेख नाकारणार नाही; पण या माहितीसाठी लेखकाकडे परत पाठवू.