पुढारीपणाचें शिक्षण

उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं शहरांतील भिंतींवर आणि घरोघरच्या मोबाइलवर एकाच तऱ्हेच्या जाहिराती झळकूं लागतात. आठ दिवसांत मुलांचें व्यक्तिमत्त्व घडवून त्यांच्या अंगीं नेतृत्व आणून देण्याची हमी त्यांत असते. अशा एका शिबिरास आपल्या तेरा वर्षांच्या मुलास पाठवावें कीं नाहीं, असें एका वाचकभगिनींनीं आम्हांस विचारलें आहे. मुलगा अभ्यासांत बरा, स्वभावानें सालस. परंतु चार माणसांत तोंड उघडीत नाहीं. "हा पुढें जगांत टिकणार कसा?" असें त्या लिहितात. सोंपविलेलें काम तो पुरें करतो काय, घरांत कोणी आजारी पडल्यास त्याच्या तें लक्षांत येतें काय, याविषयीं मात्र पत्रांत एक अक्षर नाहीं.

शिबिरें वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. समवयस्कांत राहून बुजरेपणा थोडा गेला तर तो लाभच होय. आमची तक्रार आहे ती त्यामागील समजुतीविषयीं. पुढारीपण म्हणजे बोलतां येणें, ही ती समजूत. आणि आमच्या पांढरपेशा घरांत ती फार जुनी आहे. वक्तृत्वस्पर्धेचा चषक कपाटांत येऊन बसला कीं आईबाप निश्चिंत होतात. भाषण वडिलांनीं लिहून दिलेलें होतें आणि हातवारे आईनें बसवून घेतले होते, हें त्या आनंदांत कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं!

ज्यांच्या वक्तृत्वाची ख्याति विलायतेपर्यंत पोंचली, त्या गोपाळ कृष्ण गोखले यांचें शिक्षण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. १८८४ सालीं ते पदवीधर झाले व पुण्यास शिक्षक म्हणून राहिले. पुढें न्यायमूर्ति रानडे यांचा आणि त्यांचा जो गुरुशिष्यसंबंध जडला तो १९०१ सालीं रानडे निवर्तले तोंपर्यंत टिकला. या काळांत गोखल्यांचें काम काय? सरकारी अहवाल वाचावेत, त्यांतून आंकडे काढावेत, सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठीं लेख तयार करावेत, आणि आपलें लिखाण रानड्यांच्या नजरेखालून घालावें. कॉलेजांत शिकविणाऱ्या विद्वान तरुणानें वर्षानुवर्षें आपल्या मसुद्यांतील दोष दुसऱ्याकडून ऐकून घ्यावेत, हें सोपें नव्हे. पण १९०२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत, सरकारी तिजोरींतील शिल्लक ही प्रजेच्या सुबत्तेची खूण नसून जादा करांचें फळ आहे, हें त्यांनीं जें मांडून दाखविलें, त्याची मुळें त्या कंटाळवाण्या वाचनांत होतीं.

त्यांच्या आयुष्यांतील दुसरा एक प्रसंग आमच्या मतें याहून बोधप्रद आहे. १८९७ सालीं ते इंग्लंडांत असतां, पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तावरील सोल्जरांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांनीं पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरंवशावर तेथें जाहीरपणें केला. परत आल्यावर पुरावा उभा करणें त्यांस जमेना, आणि पत्र लिहिणाऱ्यांचीं नांवें तर सांगावयाचीं नव्हतीं. तेव्हां त्यांनीं उघड माफी मागितली. स्वकीयांनीं त्यांस त्याबद्दल भित्रा ठरविलें. ती माफी मागावयास हवी होती कीं नव्हती, याविषयीं वाद घालणारे पुष्कळ भेटतील. आम्हांस महत्त्व वाटतें तें याचें कीं त्यांनीं जो निर्णय घेतला, त्याचा भार दुसऱ्या कोणावर टाकला नाहीं, आणि लोकनिंदेला कंटाळून सार्वजनिक कामही सोडलें नाहीं.

पुढें १२ जून १९०५ रोजीं त्यांनीं भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हां नव्या सभासदास पांच वर्षांची उमेदवारी ठेविली. त्यांतील बराचसा काळ अभ्यासाचा, बाकीचा देश पाहण्याचा. कोणाशींही वैयक्तिक भांडण करणार नाहीं, अशी एक प्रतिज्ञाही सात प्रतिज्ञांत होती. (आमच्या आजच्या संस्थांनीं एवढी एकच पाळली तरी पुष्कळ!) १९१५ च्या जानेवारींत गांधी आफ्रिकेंतून परतले. त्यांच्या पाठीशीं केवढा लढा होता. तरी वर्षभर देश हिंडून पाहावा आणि सार्वजनिक प्रश्नांवर बोलूं नये, असें वचन गोखल्यांनीं त्यांच्याकडूनही घेतलें.

घरांत यांतील काय करतां येईल? मुलास एखादें खरें काम द्यावें, म्हणजे जें बिघडलें तर कोणाची तरी अडचण होईल असें. महिन्याचा भाजीपाला त्याच्याकडे सोंपवावा. सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशेब राखूं द्यावा. तो चुकेल. शेवटच्या आठवड्यांत पैसे संपतील आणि दोन दिवस पिठल्यावर भागवावें लागेल. तेथें वडिलांनीं खिशांत हात घालूं नये, आणि आजीनेंही गुपचूप नोट पुढें करूं नये, म्हणजे झालें.

मुलींच्या बाबतींत आमच्या घरांची चूक निराळी आहे. त्यांस कामें लहानपणापासून सांगितलीं जातात, परंतु निर्णय कधींच सोंपविला जात नाहीं. पाहुण्यांस काय वाढावें हें आई ठरविते, मुलगी वाढते. तीच मुलगी पुढें नोकरींत दहा माणसांवर अधिकारी झाली तर पहिलीं दोन वर्षें कोणाची तरी परवानगी शोधीत बसते. तिच्या हातीं एक दिवस सबंध स्वयंपाकघर द्यावें आणि मोठ्यांनीं बाहेर बसून राहावें.

रात्रीं झोंपण्यापूर्वीं पांच मिनिटें मुलांनीं दिवसाचें काम आठवून वहींत दोन ओळी लिहाव्यात : आज काय ठरविलें होतें, काय झालें, आणि उद्यां काय निराळें करीन. शाळेंतील गुणांचा तेथें संबंध नको. ती वही चोरून वाचण्याचा मोह मात्र आईबापांनीं आवरावा. दाखवावीशी वाटली तर मुलें आपण होऊन आणतील; न आणलीं तर विचारूं नये.