शेजारचे रडगाणे

दिवाळीच्या दिवसांत कुणाशी भांडू नये, असे माझी आई सांगत असे. तिची क्षमा मागून आज मला भांडायचे आहे. आणि पहिले भांडण माझ्याशीच आहे.

मी मूळचा सांगलीचा. मॅट्रिक होऊन पोटासाठी साताऱ्यास आलो. दिवसा मुलांना शिकवतो, रात्री कादंबऱ्या लिहितो. आमच्या बोळात एक बँडवाल्यांचे घर आहे. आजा देवळात सनई वाजवी, बाप लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवतो आणि विशीतला मुलगा सॅक्सोफोन. गेल्या पावसाळ्यात हा मुलगा रोज संध्याकाळी एकच स्वर धरून बसू लागला. स्वर खाली घसरे, पुन्हा वर चढे, मध्येच चिरके. कुत्र्याच्या पिल्लाने थंडीत कण्हावे तसे ते ऐकू येई. बोळातल्या मंडळींनी तक्रारीचा कागद फिरवला. त्याखाली माझीही सही आहे. कादंबरीचे एक प्रकरण अडले होते, एवढेच माझे कारण!

चार दिवसांनी तो रस्त्यात भेटला. म्हणाला, "गुरुजी, गाणी समदी येत्यात. मींड तेवढी बसंना. ती बसली की मी गप बसतो."

मींड म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. सॅक्सोफोनवर ती काढणे म्हणजे काय, हे मात्र सांगितले पाहिजे. बासरीच्या छिद्रावरून बोट हळूहळू सरकवता येते, सतारीची तार ओढता येते. सॅक्सोफोनच्या छिद्रांवर चाव्यांची झाकणे असतात. अॅडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि त्याची रचना अशी की प्रत्येक स्वर सुटा व स्वच्छ निघावा. दोन स्वरांमधली वाट वादकाला बहुतांशी तोंडातच तयार करावी लागते. बोटे न हलवता खालच्या ओठाची आणि जबड्याची पकड सैल करायची, जिभेची व घशाची ठेवण बदलायची, म्हणजे स्वर खाली उतरतो. वर चढणे फार थोडे साधते. उतरलेला स्वर कुठे थांबला ते कानाने ठरवायचे आणि न डगमगता परत यायचे. तंबोऱ्याशी ताडून हे शेकडो वेळा केल्याशिवाय बसत नाही. आणि बसेपर्यंत ते रडण्यासारखेच लागते.

आमचे शहाणे म्हणतात, "विलायती वाद्य ते, त्यावर आपली मींड कशाला?" सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्यात १८८८ साली जन्मलेल्या बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन होता; तो आपण कधी परका मानला? मींड निघत नाही हा एक दोष दाखवून रेडिओने १९४० साली हार्मोनियमला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत. म्हणजे मींड नसली तर वाद्य नापास, आणि मींड काढू पाहिली तर वादक गुन्हेगार! मंगळूरकडच्या कद्री गोपालनाथांनी म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडचा सॅक्सोफोन ऐकला आणि घरच्या नागस्वराचे संस्कार त्यात ओतले. १९९४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी त्यावर कर्नाटक संगीत वाजवले. त्यांच्या बोळातही कुणी कागद फिरवला असता, तर?

दुसरे शहाणे विचारतात, "वरातीत मींड ऐकतो कोण?" अहो, हा दोष कुणाचा? आपण कधी ऐकली नाही, म्हणून त्याने शिकू नये काय?

आणि गोंगाटाचे म्हणाल, तर गणपतीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात, खिडक्यांची तावदाने थरथरतात; तेव्हा आमच्या बोळातून एकही कागद फिरत नाही. त्या वेळी आमच्या सह्यांची शाई वाळते. एकट्या पोराच्या घरावर मात्र ती लगेच ओली होते!

माझ्या सांगलीला लागून मिरज आहे. तिथे सतारी-तंबोरे घडवणाऱ्यांचे पूर्वज शस्त्रांना धार लावणारे शिकलगार होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपण सर्वांनी छाती फुगवली. पण सतार लागण्याआधी भोपळा तासण्याची खरखर असते, लाकूड कापण्याची कुरकुर असते. तयार वाद्याचा अभिमान हवा आणि खरखर नको, हा कुठला न्याय?

मी माझी सही खोडून आलो आहे. मंडळी रुसली आहेत, रुसू देत.

तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतील. तुमच्या दारी बँड येईल. वरात दहा मिनिटे थांबवा, सॅक्सोफोनवाल्याला सांगा, "तुला आवडेल ते वाजव," आणि नाचू नका, ऐका. मग त्याला मांडवाबाहेर शेवटच्या पंगतीची वाट पाहत ठेवू नका. आपल्या पंगतीला बसवा.