माझ्यापुढे खरंच किती जण होते?

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. आमच्या जेवणाच्या टेबलावर एक लॅपटॉप, तीन मोबाइल आणि मधोमध झाकून ठेवलेली आमटी. कोल्डप्लेच्या मुंबईतल्या कार्यक्रमांच्या तिकिटांसाठी माझी भाची सकाळपासून ठाण मांडून बसली होती. बाराच्या ठोक्याला तिने बटण दाबलं आणि पडद्यावर तिचा रांगेतला नंबर उमटला. आकडा लाखांत होता. ती क्षणभर बघत राहिली आणि मग मला म्हणाली, ‘‘मावशी, माझ्यापुढे खरंच एवढी माणसं आहेत? बारा तर आत्ता वाजले ना?’’

मला उत्तर देता आलं नाही. आमटी दोनदा गरम केली, पोरीने टेबल सोडलं नाही, तिकीट काही मिळालं नाही. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत छापील किंमत असलेली ती तिकिटं पुढे दुसरीकडे लाखांच्या भावाने दिसू लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली, ऑक्टोबरात ईडीने काही शहरांत छापे घातले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेलं. हा विषय कायदेमंडळाचा आहे, असं सांगून जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. कार्यक्रम झाले, लोक नाचले, विषय मिटला. भाचीचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

या सदरात मी एरवी गाण्याबद्दल लिहिते. पण गाण्यापर्यंत पोचायचा रस्ताही गाण्याचाच भाग आहे, असं मला वाटतं. आणि तो रस्ता मी पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात शिकले. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव आमच्या घरात दिवाळीनंतरची दुसरी दिवाळी होती. वडील सीझन तिकिटासाठी भल्या पहाटे रांगेत जाऊन उभे राहत. एकदा हट्ट करून मी त्यांच्याबरोबर गेले. कानटोपी, मफलर, थर्मासच्या झाकणातला चहा, आणि पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत चाललेली चर्चा : यंदा किशोरीताई कितव्या दिवशी? मध्येच कुणाला तरी जाऊन यायचं असे. ‘‘तुमच्यामागे मी आहे हं,’’ एवढं सांगून माणूस निघून जाई. पिशवी जागेवर. परत आला की पिशवीमागचा माणूस न बोलता अर्धं पाऊल मागे सरके. त्या रांगेत आपल्यापुढे किती जण आहेत हे मोजता येत होतं. माझ्यासारखी आठ-नऊ वर्षांची पोरगीही मोजू शकत होती, आणि मी मोजलेही होते.

पण त्या रांगेची आरती ओवाळायला मी तयार नाही. त्या पहाटे त्या रांगेत बायका किती होत्या? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. गाण्याचं खरं वेड आमच्याकडे आईला होतं. किराणा घराण्याचा स्वर कुठे लागला आणि कुठे नुसता ओढला हे वडिलांना ती सांगायची. पण पहाटे पाच ते नऊ हा वेळ तिच्या हातात कधीच नव्हता. दूध, डबे, शाळा, सासऱ्यांची औषधं. ‘आधी येईल त्याला आधी’ हा नियम दिसायला सरळ आहे, पण तो फक्त ज्याला येता येतं त्याच्यासाठी सरळ आहे. पाळीवर जाणारा कामगार, परगावचा विद्यार्थी, घरातली बाई यांच्यासाठी ती रांग सुरू होण्याआधीच संपलेली असे. आई दरवर्षी ऐकायला आली ती वडील उभे राहिले म्हणून.

मग सवाईतला न्याय होता कुठे? माझ्या मते तो रांगेत नव्हता, भारतीय बैठकीत होता. रमणबागेच्या मैदानावर पुढे सोफे, खुर्च्या, आणि त्याशिवाय जमिनीवर अंथरलेली बैठक. तिकीट सगळ्यांत स्वस्त आणि जागेला नंबर नाही. रात्र चढत जाई तशी माणसं येत राहत. शालीत गुरफटलेल्या एखाद्या आजी गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहत आणि फक्त म्हणत, ‘‘जरा सरकता का?’’ की चार माणसं उशा, डबे, पांघरुणं आवरून चार-चार बोटं सरकत. त्या चार-चार बोटांतून एका माणसाची जागा निघे. खुर्चीला हे जमत नाही. पुढे रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवर बंधन आलं, रात्रभरची मैफल गेली, २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरू लागला. बैठक राहिली, याचा मला फार आनंद आहे.

स्टेडियममध्ये बैठक घालता येणार नाही, हे मला कळतं. जागा थोड्या आणि माणसं फार असली की कुणीतरी बाहेर राहणारच. प्रश्न आहे तो बाहेर कुणी राहायचं हे कसं ठरवायचं, याचा.

संगणकावर ‘आधी’ या शब्दाला अर्थच उरत नाही. एका ठोक्याला लाखो माणसं बटण दाबतात तेव्हा पुढे जातं ते वेड नव्हे, जास्त वेगाचं इंटरनेट, चार मोबाइल आणि तिकिटं ओढण्यासाठीच लिहिलेले प्रोग्रॅम. त्यातून रांग सुरू होण्याआधीच एक रांग लागून गेलेली असते. दिलजित दोसांझच्या २०२४ च्या भारत दौऱ्यात एका बँकेच्या ठरावीक कार्डाच्या धारकांना तिकिटं आधी खुली झाली होती. ज्याच्याकडे ते कार्ड नाही त्याने काय गुन्हा केला होता? किंमत वाढवून गर्दी चाळायची हाही मार्ग निघाला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ओअ‍ॅसिसच्या ब्रिटनमधल्या तिकिटांसाठी लोक तासन्‌तास थांबले, आणि नंबर लागला तेव्हा सुमारे १४८ पौंडांचं उभं राहायचं तिकीट ३५५ पौंडांवर गेलेलं होतं. थांबायला लावून मग भाव वाढवणं ही मला सरळ फसवणूक वाटते.

जर्मनीतल्या बायरॉइटला वाग्नरच्या ऑपेरांचा महोत्सव भरतो. त्याच्या तिकिटासाठी लोक दहा-दहा वर्षं अर्ज करत. दरवर्षी नकार यायचा, दरवर्षी पुन्हा अर्ज जायचा, आणि त्याबद्दल फारशी तक्रारही नसे, कारण आज ना उद्या नंबर लागणार अशी खात्री होती. मग २०११ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी दाखवून दिलं की निम्म्याहून कमी तिकिटं खुल्या विक्रीला येतात. बाकीची देणगीदार, संघटना, प्रवासी कंपन्या यांच्या वाट्याची. मग गहजब झाला. दहा वर्षं थांबणं लोकांनी सोसलं होतं. आपण कुठल्या रांगेत उभे आहोत हे आपल्याला सांगितलंच नव्हतं, हे सोसवलं नाही. आपल्याकडे कुठल्याही महोत्सवात पुढच्या सोफ्यांवर ‘निमंत्रित’ असे कागद चिकटवलेले असतात. ते किती, हे तिकीट काढणाऱ्याला आपण कधी सांगतो?

इंग्लंडातला ग्लास्टनबरी महोत्सव मला या बाबतीत फार शिकण्यासारखा वाटतो. १९७० मध्ये मायकेल ईव्हिस या शेतकऱ्याने आपल्या शेतावर तो सुरू केला तेव्हा तिकीट एक पौंड होतं आणि त्यात शेतावरचं दूध फुकट. आज तिथे दोन लाखांवर माणसं जमतात. काळा बाजार रोखायला त्यांनी २००७ पासून आधी फोटोसह नोंदणी करायची आणि तिकिटावर तोच फोटो छापायचा, असा नियम केला. जाता येत नसेल तर तिकीट महोत्सवाला परत करायचं. ते पुन्हा मूळ किमतीलाच विकलं जातं. नोव्हेंबर २०२४ पासून त्यांनी आणखी एक केलं : विक्री सुरू व्हायच्या आधी येऊन थांबलेल्या सगळ्यांना सुरुवातीच्या क्षणी रांगेतली जागा चिठ्ठी काढल्यासारखी वाटून द्यायची. त्या वेळीही सगळी तिकिटं पाऊण तासाच्या आत संपली, हजारो लोक हिरमुसले. पण वेगाचं इंटरनेट असलेला पुढे गेला, असं म्हणायला जागा उरली नाही.

आपल्याकडेही असं तिकिटावर नाव आलं तर सीझन तिकीट घरात फिरवता येणार नाही, हे खरं. आमच्याकडे एकाच तिकिटावर दोन दिवस वडील आणि तिसऱ्या दिवशी आई जायची. त्याचं मला वाईट वाटेल. पण त्यासाठी एका तिकिटावर घरातली दोन नावं लिहायची सोय करता येते, तेवढी अक्कल आपल्यापाशी आहे.

आणि सोडत ही आपल्याला नवी गोष्ट नाही. म्हाडाच्या घरासाठी माणूस आयुष्याची पुंजी डोळ्यांपुढे ठेवून अर्ज भरतो. आधी स्वीकारलेल्या अर्जांची यादी लागते, कुठल्या गटाला किती घरं हे छापून येतं, मग सगळ्यांसमोर सोडत निघते. नंबर लागला नाही की माणूस खिन्न होतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरतो. डोक्यावरच्या छपरासाठी जे आपण मान्य केलं, ते तीन तासांच्या गाण्यासाठी का चालू नये? चार दिवस नावनोंदणी, एका माणसाची एकच नोंद, मग सोडत. पहाटे उठता न येणाऱ्या माझ्या आईलाही त्यात नाव घालता आलं असतं, दुपारी भांडी आवरल्यावर.

आयर्लंडने २०२१ मध्ये कायदा करून छापील किमतीपेक्षा जास्त भावाने तिकीट पुन्हा विकायला बंदी घातली. आपलं विधिमंडळ हे करू शकतं आणि न्यायालयाने चेंडू त्याच दिशेने टाकला आहे. पण आयोजकांना कायद्याची वाट बघायची गरज नाही. विक्रीच्या जाहिरातीत दोन ओळी घाला : एकूण जागा इतक्या, त्यातल्या खुल्या विक्रीला इतक्या. आणि विक्री संपल्यावर तिसरी : इतक्या माणसांनी मागितली होती.

भाचीने त्या दिवशीच्या पडद्याचा फोटो काढून ठेवला आहे. परवा मोबाइल बदलताना तिने जुने फोटो पुसले, तो ठेवला. ‘‘मावशी,’’ ती म्हणाली, ‘‘कुणीतरी सांगेल ना कधीतरी?’’