हक्क मिळाला, पण पाऊस मोजणार कोण?

२१ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टानं माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सांगितलं, की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा माणसाचा हक्क आहे, घटनेच्या कलम १४ अन् २१ मधला. कायद्याचे अभ्यासक त्यावर लिहून राहिले, चांगलंच आहे. पण यासाठी वेगळा कायदा देशात नाही, हेही त्याच निकालात आहे.

आता डोणगावच्या शिवारात या. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, अन् तो मोजायचा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर. पाऊस तर आता पट्ट्यापट्ट्यानं पडते. एका शिवारात सोयाबीन पाण्याखाली, चार किलोमीटरवर धुराही ओला नाही. पण आकडा सगळ्यांचा एकच.

माझं मत साधं आहे. नुकसानीचा पुरावा नसला तर हक्क कागदावरच राहते. गावागावात पर्जन्यमापक बसवा, रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. कृषी अधिकारी अन् वकील मंडळींनी आधी हे मागावं. उद्या कोर्टात जायचं म्हटलं तरी हाच आकडा लागणार.

तुमच्या मंडळाचं यंत्र वावरापासून किती दूर आहे? सांगा.