'गलीज' कुठे शोभतो?

उर्दूत किंवा मराठीत 'गलीज' म्हटले की घाण डोळ्यांसमोर येते. मूळ अरबीत तसे नाही. गैन, लाम, जोय या धातूचा अर्थ जाडपणा, भरडपणा. त्याच्या उलट 'रिक्कत', म्हणजे तलमपणा. कुरआनात जन्नतच्या वस्त्रांची दोन नावे येतात. भाष्यकार सांगतात, सुंदुस म्हणजे तलम रेशीम आणि इस्तब्रक म्हणजे 'गलीज', जाड रेशीम. हा शब्द मुळात शिवी नाही. जाडपणा कुठे आहे, यावर त्याची किंमत ठरते.

सूरह फतहच्या शेवटच्या आयतीत कोवळा कोंब जाड होऊन आपल्या देठावर उभा राहतो, तिथे हाच धातू आहे. सूरह निसाच्या 21व्या आयतीत विवाहाला 'मीसाक गलीज' म्हटले आहे, म्हणजे जाड पिळाच्या दोरासारखा, सहज न तुटणारा करार. पण सूरह आलि इमरानच्या 159व्या आयतीत हाच शब्द काळजाला लागतो आणि दोष ठरतो. उहुदच्या लढाईत तिरंदाजांनी जागा सोडली, हातातला विजय गेला. त्या लोकांबाबतही प्रेषितांना (स.) क्षमेचा आणि सल्लामसलतीचा आदेश मिळाला. काळीज गलीज असते तर माणसे पांगली असती, हे तिथेच सांगितले आहे.

दुसरा शब्द 'खशिन', म्हणजे खरखरीत. हजरत उमर (र.) यांच्या नावावर 'इखशौशिनू' हा उपदेश सांगतात : राहणी खडतर ठेवा. हा खरखरीतपणा स्वतःच्या कपड्यात, जेवणात, अंथरुणात आणायचा आहे.

आपल्याकडे नेमके उलटे दिसते. अंगावर तलम कपडा आणि जीभ भरड. मिंबरवरून जो जास्त दरडावतो तो दीनात पक्का समजला जातो. घरात बायको-मुलांवर खेकसणाऱ्याला आपण 'शिस्तीचा माणूस' म्हणतो. कोणी सूरह तौबाची 123वी आयत पुढे करील. तिथे कठोरपणाचा आदेश आहे खरा, पण तो रणांगणावरचा आहे, घरातल्या ओसरीवरचा नाही. फिरऔनसारख्या जुलमी राजाकडे जातानाही हजरत मूसा आणि हारून (अ.) यांना मऊ शब्दांत बोलायला सांगितले होते (सूरह ताहा, 44). आपल्या घरातली माणसे फिरऔनपेक्षा वाईट आहेत का?

माझी सूचना साधी आहे. निकाहच्या मजलिसीत मेहर ठरते, साक्षीदार सही करतात, खजूर वाटले जातात. त्यातली दोन मिनिटे काढून काझीसाहेबांनी या दोन आयतींतला हा एकच शब्द मराठीत समजावून सांगावा. नवरदेवाने ऐकावा आणि शेजारी बसलेल्या त्याच्या वडिलांनीही. घरे मोडतात ती बहुधा करार पातळ आणि काळीज जाड झाल्यामुळेच.