मापात न बसणारी

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत युक्रेनमधल्या सैनिक बायकांचा विषय निघाला आणि चांगलीच जुंपली. युद्ध सुरू झालं तेव्हा तिथल्या बायकांच्या हातात पुरुषांच्या मापाची वर्दी आणि पुरुषांच्याच चड्ड्या पडल्या, एवढंच मी सांगत होते. एक तरुण मैत्रीण फटकन म्हणाली, "ताई, आपण युद्धाच्या विरोधात ना? मग लष्करानं कुणाला कसली चड्डी दिली, याच्याशी आपल्याला काय करायचंय?"

प्रश्न चुकीचा नाही. बंदूक चालवण्यात बाईला निम्मा वाटा मिळावा, असं स्वप्न मीही कधी पाहिलेलं नाही. तरी मला वाटतं, एखाद्या व्यवस्थेनं बाईला खरंच आत घेतलंय का, हे बघायचं तर तिची भाषणं ऐकू नयेत, कोठारातली मापं बघावीत.

युक्रेनचंच बघा. जुलै २०२१ मध्ये तिथल्या संरक्षण मंत्रालयानं काही फोटो प्रसिद्ध केले. देशाच्या स्वातंत्र्याला तीस वर्षं होत होती, २४ ऑगस्टच्या संचलनाची तालीम चालू होती आणि लष्करी वेशातल्या मुली उंच टाचांचे काळे बूट घालून कवायत करत होत्या. गदारोळ झाला. काही खासदार बुटांचे जोड घेऊन संसदेत आले आणि संरक्षणमंत्र्यांनीच टाचा घालून संचलन करावं, असं त्यांनी सुनावलं. मंत्रालयाला माघार घ्यावी लागली. म्हणजे मिरवायचं होतं तेव्हा बाईचं शरीर मंत्रालयाला अगदी नीट दिसत होतं. सात महिन्यांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, रशियानं आक्रमण केलं. हजारो बायका सैन्यात होत्या, आणखी येत होत्या. आणि आता तेच शरीर कुणाला दिसेना! सैल पँट दोरीनं आवळायची, मोठे बूट कसेबसे पायात टिकवायचे. चिलखत अंगावर नीट बसलं नाही तर धड वाकता येत नाही, बंदूक खांद्याला नीट टेकत नाही. ही गैरसोय नव्हे, जिवाशी खेळ आहे.

'झेमल्याचकी' नावाची संस्था या गरजेतून उभी राहिली. एका जोडप्यानं ती सुरू केली. त्यातल्या आंद्री कोलेस्निकची स्वतःची बहीण आघाडीवर गेली होती आणि तिलाही सगळं पुरुषांचंच मिळालं होतं. देणग्या गोळा करून बायकांच्या मापाच्या वर्द्या, बूट, अंतर्वस्त्रं आघाडीवर पाठवायला त्यांनी सुरुवात केली. सरकारचं काम वर्गणीवर! बायकांसाठी वेगळ्या मैदानी गणवेशाला मंत्रालयाची मंजुरी मिळाली ती २०२३ च्या उन्हाळ्यात, युद्ध सुरू होऊन वर्ष उलटल्यावर.

कुणी म्हणेल, बिचारे युद्धात सापडलेले, त्यांना कुठली सवड? मग स्वित्झर्लंडला कोणतं युद्ध होतं? तिथल्या सैन्यात बायकांना बायकांची अंतर्वस्त्रं द्यायचं ठरलं ते २०२१ मध्ये. तोवर वाटपात फक्त पुरुषांची होती.

अमेरिकेत पैशांचा मामला आहे. तिथे सैनिकाला भरती होताना कपडे मिळतात आणि पुढे ते बदलायला दरवर्षी भत्ता. हा भत्ता ठरतो खास लष्करी समजल्या जाणाऱ्या वस्तूंवरून. अंतर्वस्त्रं, पायमोजे असलं काही त्यात धरत नाहीत, मग ते घालणं सक्तीचं का असेना. संसदेसाठी हिशेब तपासणाऱ्या सरकारी कार्यालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये दाखवून दिलं की वीस वर्षांच्या नोकरीत एखाद्या बाईला स्वतःच्या खिशातून आठ हजार डॉलरहून जास्त घालावे लागू शकतात. उलट काही पुरुषांच्या हातात भत्त्यातले पैसे उरतात. यात कुणी दुष्टपणा केला असं नाही. तक्ता करणाऱ्यासमोर 'सैनिक' म्हणून एकच शरीर होतं, एवढंच.

हे मला इतकं का लागतं? लग्नाआधी मी एका कारखान्यात पॅकिंगला होते. रबरी बूट यायचे ते आठ-नऊ नंबरचे, खात्यात आम्ही सगळ्या बायका. बुटाच्या टोकाला फडकी कोंबून आम्ही ओल्या फरशीवर उभ्या राहायचो. एकजण घसरून मनगट मोडून बसली तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "बायकांना चालायचं भान नाही." आमच्या मागणीपत्रात बोनस होता, रजा होत्या. बूट नव्हते. ते मागायचे असतात हेच आम्हाला सुचलं नव्हतं.

भारतीय लष्करात वैद्यकीय आणि परिचर्या सेवांपलीकडे बायका अधिकारी म्हणून आल्या १९९२ पासून. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानं त्यांना कायम नोकरीचा हक्क मिळाला. निकालाच्या बातम्या आपण आनंदानं वाचल्या. कोठारातून त्यांच्या हातात काय पडतं, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारलं?

बैठकीत मी हे सगळं बोलले. मैत्रिणीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे उद्या वर्दी मापात बसली की तुम्ही त्यांना लढायला जा म्हणणार?" मी नाही म्हणाले. "मग?" तिनं विचारलं. तेवढ्यात चहा आला, पण तिनं विषय सोडला नाही आणि मीही. पुढच्या बैठकीचा पहिला विषय तोच ठेवला आहे.